बालकांचे झटके : साधे कोणते, अपस्माराचे कोणते?

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या सहा महिन्यांच्या नातवास घेऊन माझ्या चिकित्सालयात आली. झोपेतून उठल्यावर बाळ दचकते, पाय पोटाशी घेते व मग रडते, अशी तिची तक्रार होती. मी उदरशूल समजून पोटावर हिंगाचा लेप व मुरडशेंगेची उगाळणी सांगितली. तीन आठवड्यांनी बाळ परत आले, तेव्हा ते हसणे विसरले होते. माझ्यासमोरच त्याची मान व धड क्षणभर पुढे वाकले, दोन्ही हात बाजूला फेकले गेले; काही सेकंदांनी पुन्हा तेच. मी अठरापर्यंत मोजले. बालमेंदूविकारतज्ज्ञांकडील ई.ई.जी.ने 'इन्फंटाइल स्पॅझम्स' हे निदान निश्चित झाले. ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत.

१८४१ साली डॉ. वेस्ट यांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून आपल्याच मुलाचा हा विकार वर्णिला. आरंभी त्यांनाही ती बाळाची लकब वाटली होती.

उदरशूलाचे रडणे हळूहळू चढते व बराच काळ टिकते. हा झटका एक-दोन सेकंदांचा असतो, पण तो मालिकेने येतो, विशेषतः जागे होताना. रडणे बहुधा नंतरचे. शिकलेली गोष्ट बाळ विसरू लागले असेल तर शंकेस जागाच नाही. तथापि तोवर थांबू नये. त्याच दिवशी पाठवावे. ए.सी.टी.एच., प्रेडनिसोलोन वा व्हिगाबॅट्रिन जितके लवकर सुरू होईल तितकी बुद्धी वाचण्याची आशा अधिक.

याउलट, नवजात बाळाचे हातपाय केवळ झोपेत उडत असतील व जागे करताच थांबत असतील, तर बहुधा चिंता नको. कापणारा हात हलकेच धरल्यावर कंप थांबला तर तो सहसा आकडीचा नव्हे. आकडी धरून थांबत नाही.

रडता रडता श्वास रोखून निळे पडणारे मूल घरादारास हादरवते. येथे क्रम विचारावा : आधी राग, वेदना वा भीती, मग रडणे, मग श्वासरोध, शेवटी शुद्ध हरपणे. निमित्ताशिवाय वा झोपेत असे घडत नाही. अशा मुलांत पांडुता शोधावी. रक्तातील लोह कमी असल्यास ते भरून काढल्याने झटके कमी होतात, हे आपल्या हाती असलेले काम आहे. निमित्त नसेल, किंवा मूल पांढरे पडत असेल, तर ई.सी.जी. करून घ्यावा.

शाळकरी मूल वाक्याच्या मध्येच थांबून शून्यात पाहते आणि स्पर्शानेही भानावर येत नाही, तेव्हा त्यास 'धांदरट' म्हणू नये. अक्षर अचानक बिघडले, हातातील वस्तू पडू लागल्या, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही, अशी चुळबुळ आमवातिक ज्वरानंतरचा कोरिया असू शकते, हृदयतपासणी अनिवार्य.

सुश्रुताने स्कंदापस्मारात संज्ञानाश, हातापायांच्या हालचाली व फेनोद्गम नोंदविले आहेत. परंतु वरील अर्भकाच्या तोंडास फेस नव्हता. फेसाची वाट पाहणारा वैद्य माझ्यासारखाच फसेल. मातेस मोबाइलवर झटका चित्रित करावयास सांगावे. माझ्या प्रश्नावलीपेक्षा ते अर्धे मिनिट अधिक सांगते.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. ग्राइप वॉटरची दुसरी बाटली मागणाऱ्यास 'बाळ नेमके काय करते?' असे अवश्य विचारावे. आकडीची चालू गोळी बंद करून काढा मागणाऱ्यास काढा देऊ नये. गोळी एकाएकी थांबल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते.