दुसरी पट्टी

आमच्या घराण्यात एखाद्या मुलाला समज द्यावयाची वेळ आली की आम्हांस बोलावणे येते. शाळेत जन्म घालविल्याचे हे व्याज. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी धाकट्या बहिणीचा असाच निरोप आला, "दादा, पोहे खायला ये आणि जरा तुझ्या भाच्याशी बोल." इंदुरात पोह्यांचे निमित्त कोणी नाकारीत नाही. आम्ही गेलो.

प्रकरण असे होते. भाच्याचा गेम खेळण्याचा लॅपटॉप २०२२ साली हप्त्यांवर घेतलेला. हप्ते फिटले न फिटले तोच चिरंजीवांनी जाहीर केले की नवे गेम त्यावर अडखळतात, सबब नवा लॅपटॉप हवा. बहिणीने गळक्या गच्चीसाठी भिशीत पैसे घातले होते. ते मोडण्याच्या विचारात ती होती. आणि मेव्हणे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रामागे होते.

आम्ही रागवायलाच गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पण वर्गातली सवय सुटत नाही. म्हटले, "अडखळतो म्हणजे काय होते, ते दाखव." त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. ८ जीबी मेमरी जवळजवळ काठोकाठ भरलेली. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : स्लॉट्स यूज्ड, १ ऑफ २. म्हणजे मेमरीची पट्टी बसवावयाच्या दोन जागांपैकी एक पहिल्या दिवसापासून रिकामी होती आणि घरात कोणासही त्याचा पत्ता नव्हता!

वाचकांपैकी ज्यांस मेमरी आणि साठवण यांतील भेद ठाऊक नसेल, त्यांनी वर्ग डोळ्यांसमोर आणावा. साठवण म्हणजे पुस्तकांचे कपाट. मेमरी म्हणजे फळा. काम चालते ते फळ्यावर. फळा लहान असला की मास्तरांस अर्धे पुसून पुन्हा कपाटाकडे धावावे लागते आणि वर्ग खोळंबतो. गेमचे अडखळणे ते हेच. या फळ्याची आणखी एक गंमत आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिट एका इवल्या कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपाने राहते. तो भार सतत गळत असल्याने साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवावे लागते. वीज गेली की फळा कोरा!

भाच्याने घाईने ऑनलाइन पट्टी मागविली ती डीडीआर-५. चारापेक्षा पाच मोठे, हा त्याचा हिशेब. यंत्र होते डीडीआर-४चे. दोहोंच्या खाचा निराळ्या ठिकाणी असतात आणि लागणारा विद्युतदाबही निराळा. पट्टी बसेना, तेव्हा गडी अंगठ्याने जोर लावू लागला; आम्ही हात धरला नसता तर स्लॉटच गमावला असता. ती परत केली आणि पहिल्या पट्टीवरील मजकूर वाचून तशीच ८ जीबी, ३२०० गतीची डीडीआर-४ आणली. सारख्या दोन पट्ट्या असल्या की यंत्रास मेमरीकडे जाण्याचे दोन मार्ग मिळतात. गती भिन्न असेल तर दोघी धीमीच्या चालीने चालतात. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणककेंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर चढले होते, त्यामुळे किंमत बोचली. तरी गच्ची वाचली.

उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी पाहाव्यात. आमची मुदत केव्हाच सरली होती. यंत्र पूर्ण बंद केले, चार्जर काढला. स्क्रू लहानमोठे असतात म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जो तो आपापल्या जागी ठेवला. प्लास्टिकच्या पातळ तुकड्याने तळ सोडविला आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढली. ही पायरी चुकवू नये. अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून धातूस हात लावला. बहिणीने प्रेमाने अंथरलेली लोकरी सतरंजी मात्र दूर सारली. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून बसतात.

बटण दाबले. पडदा काळा. बहिणीने देवघराकडे पाहिले, भाचा म्हणाला, "मामा, मेला वाटतं!" वस्तुतः नवी मेमरी ओळखून घेण्यास यंत्र पहिल्या खेपेस थोडा अवधी घेते. मिनिटभराने पडदा उजळला आणि १६ जीबी दिसले. अडखळणे थांबले. एका गेमचे चित्र मात्र पूर्वीइतकेच मंद चालले, कारण तेथे उणीव ग्राफिक्सची होती. त्यावर मेमरीचा इलाज नाही, हे भाच्यास सांगून ठेवले.

पुढच्या आठवड्यात शेजारचा मुलगा आपला पातळसा लॅपटॉप घेऊन आमच्याच दारी आला. उघडण्याआधी त्याच्या मॉडेलची माहिती भाच्याकडून काढविली. मेमरी मदरबोर्डावरच डाख देऊन बसविलेली, स्लॉट एकही नाही. त्यास चहा पाजला आणि परत पाठविले.