ओळंबा, धोंड्याचा महिना आणि आठ कलांचा फरक

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे सरकला की एसटीत, बाजारात, पारावर एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘सूर्य जवळ आला.’ ग्रहगती आणि गुरुत्वाकर्षणाबद्दलचे असे बरेच समज शाळेपासून आपल्यासोबत असतात. काही अर्धे खरे, काही साफ उलटे. त्यातले सहा इथे तपासू.

गैरसमज १ : उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.

वस्तुस्थिती : जानेवारीच्या सुरुवातीला, वऱ्हाडात शेकोट्या पेटतात तेव्हा, पृथ्वी सूर्यापासून सर्वांत जवळ म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. उन्हाळा येतो तो पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. २३ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य अकोल्याच्या थेट माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अमरावतीत हे एक-दोन दिवसांनी घडतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ सहसा भरलेलं असतं.

जवळ-दूर असण्याचा परिणाम होतो, पण तो पंचांगात शोधावा लागतो. ग्रह सूर्याजवळ असताना वेगानं धावतो, दूर असताना रेंगाळतो, हा केप्लरचा १६०९ मधला नियम. म्हणून सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवस दिसतो, तर धनू राशीत साडेएकोणतीसपेक्षाही कमी. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत येत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, तो अधिक किंवा धोंड्याचा महिना, आणि सूर्य रेंगाळतो त्या महिन्यांत असं घडण्याची शक्यता जास्त. २०१५ मध्ये अधिक आषाढ, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. अधिक पौषाचं वाण जावयाला दिल्याचं मात्र कुणाला आठवणार नाही. एकाच चांद्रमासात दोन संक्रांती आल्यानं होणारा दुर्मीळ क्षयमास येतो तो थंडीच्याच महिन्यांत. सूर्याची ही कमी-जास्त गती आपल्या ज्योतिर्गणितींना ठाऊक होती आणि ते तिचा हिशेबही करत. लंबवर्तुळाचं कारण मात्र नंतर कळलं.

गैरसमज २ : पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आर्यभटानं सांगितलं आणि कोपर्निकसनं सिद्ध केलं.

वस्तुस्थिती : आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये सांगितलं ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल. तेही धाडसाचंच होतं; ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितीनं त्यावर टीका केली. पृथ्वीच्या या फिरण्यामुळे अमरावती या क्षणी ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चालली आहे. आर्यभटाच्या ग्रहगणितात सूर्यकेंद्राच्या खुणा काही अभ्यासकांना दिसतात, पण ग्रंथातली मांडणी पृथ्वी मध्ये धरूनच केलेली आहे.

कोपर्निकसनं १५४३ मध्ये सूर्य मध्ये ठेवला, पण वर्तुळावरचं वर्तुळ सोडलं नाही, आणि त्याचं भाकीत जुन्यापेक्षा फारसं अचूक नव्हतं. खरी कोंडी फुटली मंगळामुळे. टायको ब्राहेनं दुर्बिणीशिवाय घेतलेल्या नोंदी आणि केप्लरचं वर्तुळावर आधारलेलं गणित यांत आठ कलांचा फरक उरला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचा चंद्र तीसेक कला रुंद दिसतो. एवढ्याशा फरकाकडे डोळेझाक करणं सोपं होतं. केप्लरनं ती केली नाही, वर्तुळच मोडीत काढलं.

गैरसमज ३ : भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला.

वस्तुस्थिती : भास्कराचार्य आपल्या शेजारच्या खानदेशाशी जोडलेले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं काढलेल्या मठाचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा स्पष्ट उल्लेख आहे : जड वस्तू पृथ्वीकडे ओढली जाते म्हणून पडल्यासारखी दिसते, आणि आकाश चहूबाजूंनी सारखंच असताना पृथ्वीनं पडावं तरी कुठे? ब्रह्मगुप्तानंही इ.स. ६२८ मध्ये पृथ्वीच्या ओढीबद्दल लिहिलं होतं. ओढ आहे हे न्यूटनच्या आधी कुणालाच माहीत नव्हतं, हे म्हणणंही म्हणून तितकंच चूक.

पण ही ओढ पृथ्वीपुरती होती. ती किती, अंतरासोबत किती घटते, चंद्राला आणि ग्रहांना तीच फिरवते का, हे त्यात नाही. ग्रहांचं गणित भास्कराचार्य वेगळ्याच पद्धतीनं करतात, आणि त्यांची खरी थोरवी तिथेच आहे : ग्रहाची त्या-त्या क्षणाची गती काढताना ते कलनशास्त्राच्या उंबरठ्यावर पोचले होते. न केलेल्या कामाचं श्रेय देताना हे केलेलं काम झाकलं जातं.

गैरसमज ४ : सफरचंद डोक्यावर पडलं आणि न्यूटनला नियम सुचला; अंतराळात मात्र गुरुत्वाकर्षण नसतं.

वस्तुस्थिती : बागेत सफरचंद पडताना पाहिल्याचं न्यूटननं उतारवयात सांगितलं होतं, डोक्यावर पडल्याची भर नंतरची. महत्त्वाचं होतं ते चंद्राचं गणित. झाडावरची वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठपट दूर, म्हणून त्याच्यावरची ओढ ३,६०० पट कमी. तो सेकंदाला सरळ रेषेपासून जेमतेम १.४ मिलिमीटर ‘पडतो’. चंद्राच्या प्रत्यक्ष कक्षेवरूनही हाच आकडा येतो. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मुळे बागेतला आणि आकाशातला नियम एकच ठरला.

अंतराळस्थानक चारेकशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे अमरावतीहून नाशिक सरळ रेषेत आहे साधारण तितक्याच अंतरावर फिरतं. तिथेही पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ८९ टक्के असते. माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि माणसं दोन्ही चंद्रासारखी सतत पडत असतात.

गैरसमज ५ : ओळंबा नेहमी पृथ्वीच्या केंद्राकडे रोख धरतो.

वस्तुस्थिती : पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तावर फुगलेली आहे, त्यामुळे अमरावतीत ओळंब्याचा रोख केंद्राच्या थोडा दक्षिणेला जातो. तीन मीटर दोरीच्या टोकाला हा फरक सहा-सात मिलिमीटर भरतो. गवंड्याचं काही बिघडत नाही. पाणसळही याच ओढीला मानते.

जवळचा डोंगरही ओळंबा ओढतो, आणि या प्रकरणात वऱ्हाड थेट येतं. देशाच्या मोजणीचा ‘ग्रेट आर्क’ दक्षिणेकडून वर आणणारा विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्यानं १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या मुलखातलं टाकळखेडा हे मधलं ठाणं होतं. अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे तर ‘बरोबर वर’ कुठे आहे हे ओळंबाच सांगणार. पण उत्तरेला सातपुडा उभा. तो ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, आणि अक्षांश थोडा कमी भरतो. या ओढीचा हिशेब एव्हरेस्टला करावा लागला.

पुढे हिमालयाजवळच्या कलियाना आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर यांच्या अक्षांशांतल्या अंतरात, ताऱ्यांवरची आणि जमिनीवरची मोजणी ताडून पाहता, ५.२ विकलांचा फरक निघाला. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटर. कलकत्त्याच्या जॉन प्रॅटनं १८५५ मध्ये हिमालयाची ओढ मांडून पाहिली, तर उत्तर जवळजवळ सोळा विकला आलं. प्रत्यक्षापेक्षा तिप्पट! म्हणजे पर्वत दिसतो तेवढा ओढत नव्हता. डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, हे जॉर्ज एअरीचं स्पष्टीकरण याच फरकातून आलं.

गैरसमज ६ : आइनस्टाइननं न्यूटनला खोटं ठरवलं.

वस्तुस्थिती : चंद्रावर यान नेणारं गणित आजही मुख्यतः न्यूटनचंच आहे. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकलांचा फरक न्यूटनच्या नियमानं सुटत नव्हता. त्यासाठी बुधाच्या आतला एक ग्रह कल्पून लोकांनी तो शोधूनही पाहिला; सापडला नाही. आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतातून ते ४३ नेमके निघाले. प्रबळ ओढीजवळ आणि अतिसूक्ष्म मापांत न्यूटन अपुरा पडतो. बाकी ठिकाणी तो पुरतो.

आठ कला, पाच विकला, त्रेचाळीस विकला. या शास्त्राची मोठी वळणं ‘आधी कुणी म्हटलं’ या वादातून आली नाहीत. हिशेब जुळत नसताना तो जुळला असं म्हणायला कुणीतरी नकार दिला, त्यातून आली. पूर्वजांचा गौरव करणारा पुढचा संदेश मोबाइलवर येईल तेव्हा त्यात माप किती आणि ते कशाशी ताडून पाहिलं, एवढं आधी शोधावं.