वाट्याचा बाजार

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेला, लाखांदूर तालुक्यात, दिघोरी (मोठी) हे गाव आहे. चुलबंद आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. खाद्यभ्रमंतीच्या यादीत त्याचे नाव येत नाही, आणि येण्याचे काही कारणही वरवर दिसत नाही. दिघोरीकडच्या कुठल्याही आठवडी बाजारात ‘इथले प्रसिद्ध काय?’ असे विचारत गेलात तर आलुबोंडा आणि त्यावर चण्याचा झणझणीत रस्सा मिळेल, जिलेबी मिळेल, मुरमुरे-फुटाणे मिळतील. हे सगळे नागपूरपासून गोंदियापर्यंत कुठेही मिळते. या मुलखाची, म्हणजे झाडीपट्टीची, खरी चव बाजारात शिजलेली नसते, ती कच्ची असते आणि जमिनीवर पसरलेली असते. तिथे काय मिळते आणि काय मिळेनासे झाले आहे, हे लोकांच्या जिभेने ठरवले असे आपण समजतो. मला ते पटत नाही. तलाव कोणाच्या ताब्यात, कोणती डाळ विकायला परवानगी आणि चार मुठी माल घेऊन आलेल्या बाईला बसायला जागा आहे की नाही, या तीन गोष्टींनी ते जास्त ठरवले आहे.

बाजाराची मांडणी आधी पाहू. ओट्यांवर आणि ताडपत्रीच्या पालांखाली मोठे भाजीवाले असतात. त्यांचे बटाटे, कोबी, भेदरे (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर) ठोक बाजारातून येतात आणि तराजूवर विकले जातात. ओटे संपतात तिथून पुढे बायका पोते नाहीतर पळसाची पाने अंथरून बसतात. पावसाळ्यात त्यांच्यापुढे तरोटा, कुर्डू, वास्ते (बांबूचे कोंब), आणि नशीब असेल त्या दिवशी सात्या (रानअळंबी), हिवाळ्यात शिंगाडे आणि लाखोरीची कोवळी पाने, उन्हाळ्यात मोहफुले. मासळी थोडीफार बारा महिने. तिचे वाटे लावलेले असतात. पाचसहा बोटभर मासे, त्यांवर एखादा जाडसर मासा, म्हणजे वाटा भरलेला दिसतो. घेणारी दोन वाट्यांवर नजर फिरवते, एकातला मासा उचलून दुसऱ्यात टाकायला लावते, वर मूठभर झिंगे मागते. विकणारी कुरकुरते आणि टाकते. दोघींनाही हे होणार हे आधीपासून माहीत असते, त्यामुळे पहिला वाटा लावतानाच त्या मूठभर झिंग्यांची सोय करून ठेवलेली असते. ही पद्धत गबाळी आहे असे शहरी माणसाला वाटेल. पण किलोने विकायचे तर एका जातीचा, एका आकाराचा किलोभर माल हातात असावा लागतो. तलावाच्या काठाला कंबरभर पाण्यात उभे राहून जे सापडते ते पाच जातींचे आणि लहानमोठे असते. त्याला गिऱ्हाईक मिळते ते वाट्यामुळेच, आणि ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत त्यालाही ताजी मासळी मिळते ती वाट्यामुळेच.

घरात या मालाचे काय होते तेही साधेच आहे. वांग्यात झिंगे किंवा सुकी मासळी, अंबाडीच्या भाजीत तांदळाच्या कण्या, लाखोरीची डाळ भिजवून वाटून केलेले वडे, सणावाराला मटक्यावरची लांब पोळी. भात तर असतोच. इथल्या चिन्नोर तांदळाला भंडाऱ्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि सुगंधी तांदूळ म्हणून तो बाहेर ओळखलाही जातो. पण नुसत्या भाताने स्वयंपाक होत नाही. त्याच्या जोडीला जे लागते ते तलावातून, बांधावरून आणि धान निघालेल्या वावरातून येते, आणि त्याला मानांकन वगैरे काही नाही.

म्हणून तलावांपासून सुरुवात करावी लागते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे धोरण ठेवले, आणि या भागातल्या कोहळी समाजाने ते काम अंगावर घेतले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे परंपरा सांगते. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरावा अशी साखळी बांधत हे लोक गेले. पुढे मालगुजारी आली आणि तलाव मालगुजारांच्या नावावर चढले, तरी पाणी वावरांना, मासे ढिवर या मच्छीमार समाजाला, आणि पाणवनस्पती ज्याला लागतील त्याला, ही वहिवाट गावात टिकून होती. पहिल्या पावसात मासे सांडव्यावरून उलटे चढून धानाच्या बांध्यांत शिरत, तिथे अंडी घालत, आणि पाणी ओसरताना त्यांची पिल्ले तलावात परतत. म्हणजे धानाचे वावर हे माशांचे पाळणाघरच होते. मरळ आणि शिंगूर यांच्यासारखे स्थानिक मासे असे आपोआप वाढत; त्यांचे बी कोणी विकत आणत नसे.

१९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियमाने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. सरंजामी मालकी जाणे योग्यच होते, त्यावर वाद नाही. पण तलावाबरोबर त्याची निगा राखणारी गावची व्यवस्था सरकारजमा करता येत नसते. सरकारी दफ्तरात ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा’ झालेले हे तलाव गाळाने भरले, काठाला बेशरम नावाचे तण माजले, आणि सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडे अशी वाटणी झाली. ठेका घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याची रक्कम भरून निघावी म्हणून झपाट्याने वजन धरणारे मासे हवे होते. कतला, रोहू, मृगल आणि पाठोपाठ परदेशी कार्प यांचे बीज तलावांत पडू लागले. हे मासे काढायचे तर सगळे एकदम, मोठ्या जाळ्याने काढायचे, आणि व्यापाऱ्याला किलोने द्यायचे. काठावर बारकी मासळी धरून तिचे वाटे लावणाऱ्या बाईला या हिशेबात जागा उरत नाही. तलावात मासे आहेत, बाजारात मासे आहेत, तरी बारक्या मासळीची पाटी कमी होत गेली, त्याचे कारण हे आहे.

यावर सरळ आक्षेप येतो: कार्पमुळे मासळीचे उत्पादन वाढले, सोसायटीच्या सभासदाच्या हाती रोख पैसा आला, मग चार जातींच्या बारक्या माशांसाठी रडायचे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ढिवर कुटुंबाला रोख रक्कम लागते, आणि स्वयंपाकघराची हौस म्हणून कोणाला गरीब ठेवता येत नाही. पण हे दोन्ही एकाच तलावात बसत नाहीत असे नाही. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरम काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या की त्यांच्या आसऱ्याने मासे वाढतात, हे ढिवरांना ठाऊकच होते. त्या माहितीला कामाचे रूप दिले गेले. शिवाय कार्पचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते, स्थानिक मासा फुकट वाढतो. रोकड मोजायचीच तर दोन्ही बाजूंनी मोजावी.

दुसरे प्रकरण लाखोरीचे, आणि ते जास्त अवघड आहे. धान उभे असतानाच त्याच्या ओलीत लाखोरी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. धान कापले की लाखोरी वर येते, तिला ना नांगरट लागते ना पाणी. कोवळी पाने भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना, कुटार जनावरांना. हिच्या सतत आणि जवळजवळ एकट्या सेवनाने पाय कायमचे लुळे पडतात, हेही तितकेच खरे. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमाराचा सागर भागातला असा प्रसंग लिहून ठेवला आहे: गहू बुडाले, लोक याच डाळीवर राहिले आणि अपंग झाले. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातले विषारी अमिनो आम्ल वेगळे करून दाखवले. त्याआधीच, १९६१ साली, विक्रीवर बंदी आली होती. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत निर्बंध मात्र तसाच राहिला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत लाखोरी वावरातून गेली नाही; ती बाजारात नाव लपवून वावरली. लाखोरीचा भाव पडला आणि तुरीच्या किंवा चण्याच्या पिठात तिची भेसळ करणाऱ्याचे फावले. ज्या बाईने ती उघडपणे पायलीने विकली असती तिचे तेवढे नुकसान झाले.

स्पेनमध्ये हेच पीक अल्मोर्ता या नावाने आहे, आणि ला मांचा प्रांतात तिच्या पिठाचे गाचास हे दाटसर पिठले खातात. गोयाने १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात या पिठावर तगलेल्या माणसांचे चित्र कोरून ठेवले. यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत तिथेही लोक लुळे झाले आणि १९६७ च्या अन्नसंहितेने अल्मोर्ताला माणसाच्या खाण्यातून बाद केले. ला मांचातले लोक गाचास खातच राहिले. २०१८ मध्ये बंदी गेली, आणि सोबत अधूनमधून आणि थोड्या प्रमाणात खाण्याचा सल्ला आला. दोन्ही देशांत माणसे लुळी पडली ती दुसरे काही खायला नव्हते म्हणून. भरल्या ताटात, भाताबरोबर, भिजवून पाणी टाकून शिजवलेली लाखोरी आणि दुष्काळात महिनोन्‌महिने एकटी खाल्लेली लाखोरी यांत फरक आहे, हा फरक बंदीच्या कायद्याला दिसत नव्हता. याचा अर्थ लाखोरी निर्धोक आहे असा नाही. कमी विषाचे ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे वाण निघाले आहेत. ते बाजारात नावाने, उघड विकले गेले पाहिजेत, आणि मजुरीचा मोबदला म्हणून केवळ लाखोरी देण्याची जुनी दुष्ट रीत कुठे शिल्लक असेल तर ती मोडली पाहिजे.

मोहफुलांचे थोडक्यात सांगता येईल. दारूच्या भीतीने ती गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवर परवान्याची बंधने होती. राज्याने २०२१ मध्ये ती काढली. भाकरीत, लाडवात, आंबिलीत जाणारे फूल इतकी वर्षे अबकारी खात्याच्या नजरेखाली बाजारात बसत होते.

आता आणखी एक, सगळ्यांत लोकप्रिय आक्षेप: तरुणांना हे नकोच आहे, त्यांना नूडल्स आणि पनीर हवे, बाजार त्याप्रमाणे बदलतो. चव बदलते हे मान्य. पण ती बदलते कशामुळे, हे पाहायला व्हॅलेन्सिया हे शहर बरे पडते, कारण तेही भाताचे आणि तलावाचे आहे. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा हे सरोवर, भोवती धानाची शेती; पाएया हा भात आणि ईल माशाचे ‘आल्ल इ पेब्रे’ हे कालवण तिथले. मध्यवर्ती बाजाराची १९२८ मध्ये उघडलेली इमारत बघायला जगभरचे लोक येतात. पण तिच्या घुमटापेक्षा महत्त्वाची गोष्ट शहराबाहेर आहे. सरोवराकाठच्या एल पाल्मार गावच्या मच्छीमार समूहाला सरोवरातल्या मासेमारीचा हक्क तेराव्या शतकापासून आहे, आणि कोणत्या जागी कोणी जाळे लावायचे हे ते दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवतात. शेतीच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसणारे शेतकऱ्यांचे जल-न्यायालय तोंडी सोडवते. आपल्याकडच्या लेखांत घुमट येतो, चिठ्ठ्या येत नाहीत. मी तिथली व्यवस्था आदर्श म्हणत नाही: बायकांना त्या समूहात शिरायला कोर्टात भांडावे लागले, आणि सरोवराचे पाणी सांडपाण्याने इतके बिघडले की आता बरेच ईल बाहेरून आणावे लागतात. चिठ्ठ्यांनी मासे धरण्याचा हक्क राखला, पाणी राखण्याचे काम त्यांच्या हातात नव्हते. तरी सांगायचे हे की नूडल्स व्हॅलेन्सियातही मिळतात. पाएया टिकला, कारण त्याच्या तांदळाला, पाण्याला आणि बाजारातल्या गाळ्यांना कोणी ना कोणी हक्काने धरून होते. लाखांदूरच्या पोराला बारक्या माशांचे कालवण आवडत नाही हे कळायला ते आधी त्याच्या ताटात यावे लागेल.

उरतो बाजार. आठवडी बाजार ग्रामपंचायतीचा असतो, आणि बैठकीची वसुली बहुतेक ठिकाणी लिलावाने ठेकेदाराला दिली जाते. ठेकेदार जागेवर पावती फाडतो, मालावर नाही. कापडाचे दुकान लावणाऱ्याला ती पावती जाणवत नाही. तरोट्याच्या आठ जुड्या घेऊन आलेल्या बाईची एकदोन जुड्यांची कमाई त्यात जाते. मग ती बाजारात न येता रस्त्यावरच व्यापाऱ्याला एकरकमी विकून मोकळी होते किंवा तोडायलाच जात नाही. रानभाजी महोत्सव भरवण्यात सरकारी खात्यांना रस असतो, फोटोही चांगले येतात, पण महोत्सव वर्षातून एकदा आणि बाजार दर आठवड्याला. स्वतः गोळा केलेला माल वाट्याने विकणारीकडून वसुली घेऊ नये एवढी एक अट ग्रामपंचायत लिलावाच्या शर्तींत घालू शकते. पंचायतीचे उत्पन्न बुडेल हा आक्षेप टिकत नाही, कारण उत्पन्नाचा मोठा भाग ओटे आणि दुकाने देतात. ठेकेदार म्हणेल की मग सगळेच स्वतःला गोळा करणारे म्हणवतील. काही जण म्हणवतीलही. तेवढी गळती सोसूनही जून-जुलैत, तरोटा आणि बारकी मासळी यायच्या दिवसांत, बाजाराच्या त्या टोकाला किती बायका येऊन बसतात ते दोन हंगाम मोजून पाहता येईल, आणि लिलाव दरवर्षी होत असल्याने शर्त चुकली तर बदलताही येईल.