विलीनीकरणाच्या हिवाळ्यात

यवतमाळ जिल्ह्यात नोकरी सोडण्याचा विचार कुणी एकट्याने करत नाही. तो टपरीवर होतो, तर्री पोह्यांच्या प्लेटवर होतो, खर्रा घोटता घोटता होतो, आणि ज्याची नोकरी त्याच्याआधी बाकीच्यांचं मत ठरलेलं असतं. 2021-22 च्या हिवाळ्यात मात्र हा विषय घराघरात एकदमच आला.

ऑक्टोबर 2021 च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू झालं. महामंडळ राज्य शासनात विलीन करा, ही मागणी. संप हा शब्द त्यांना मान्य नव्हता. जीव दिलेल्या सहकाऱ्यांचा दुखवटा पाळतोय, असं ते म्हणत. ऐन दिवाळीत लालपरी उभी राहिली. इतरत्र लोक रेल्वेकडे वळले असतील, यवतमाळला ती सोयच नव्हती. मूर्तिजापूरपर्यंत जाणारी नॅरोगेज शकुंतला, जी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, ती कधीच थांबलेली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग कागदावर आणि मुरमाच्या भरावावर होता. उरली काळीपिवळी.

मी तेव्हा दारव्ह्याला अपडाऊन करत होतो. एका खासगी संस्थेत हिशेबनीस. त्याच दिवाळीत नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यातून विचारणा आली होती, पगार जवळपास दीडपट. काळीपिवळीत मांडीवर डबा आणि डब्यावर दुसऱ्याची पिशवी घेऊन बसलं, की नागपूर फार जवळचं वाटे. परतल्यावर मी आगाराजवळच्या टपरीवर थांबायचो. रोजच्या गाडीचे ओळखीचे वाहक-चालक आंदोलनाच्या मांडवातून उठून तिथेच येत. त्यांना वाटलं असावं मी पाठिंबा द्यायला येतो. मी चहाला जायचो.

24 नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात 5 हजार, दहा ते वीस वर्षांवाल्यांना 4 हजार, त्यापुढे अडीच हजार. सर्वांत जुन्या माणसाला सर्वांत कमी. त्या संध्याकाळी टपरीवर एवढाच विषय. तरुण पोरं गप्प आणि पन्नाशीतले चालक चिडलेले. मांडवातली एकी मला तिथे पहिल्यांदा थोडी सैल झालेली दिसली.

मग पर्याय निघाले. कुणी ट्रॅव्हल्सवर पुण्याच्या रात्रफेऱ्या मारायचं म्हणे, कुणी वणीच्या कोळसा खाणीवर टिप्पर चालवायचं. पण खरा पर्याय शेताचा होता, आणि तो पर्याय वाटावा हेच त्या वर्षाचं नवल. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 6,025 रुपये. बाजारात मात्र भाव चढत गेला आणि नव्या वर्षात दहा हजारांच्या पुढे गेला. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर नाव झालेल्या जिल्ह्यात, बापाने शेतीतून सुटावं म्हणून ज्याला नोकरीला लावलं, तो वाहक वेचणीच्या बायांना घेऊन वावरात उभा. एकाकडे घाटंजीच्या बाजूला चार एकर होतं. तो मला म्हणाला, "सर, मशीन गळ्यात अडकवून सकाळपासून चिल्लरसाठी भांडाचं, त्यापेक्षा हे काय वाईट आहे?" दुसऱ्याने लगेच टोकलं, "बाप्पा, बोंडअळी तुले ओळखत नाही अजून." सगळे हसले. तोही हसला, पण भाव विचारायला जिनिंगवर फोन लावतच होता.

त्या महिन्यांत पगाराची बोलणी फार झाली, पण माणसं रेंगाळायची दुसऱ्याच विषयावर: मुक्कामी गाडी. शेवटची फेरी खेड्यात रात्रभर थांबते, पहाटे तिथूनच सुटते. मुक्कामाची सोय म्हणजे बहुतेक वेळा सोय नाहीच. ग्रामपंचायतीची पडवी, नाहीतर गाडीतलीच सीट. तक्रारींच्या यादीत हा मुद्दा वरच होता. तरी सांगताना तेच लोक खुलत. कुणाच्या घरून भाकरी आणि वांग्याची भाजी यायची, हुरड्याच्या दिवसांत कोणत्या गावचा मुक्काम मागून घ्यायचा, कोणत्या पाटलाची ओसरी उबदार. ट्रॅव्हल्सवर गेलेला एक चालक दोन आठवड्यांत परत टपरीवर आला. पैसे नगदी मिळतात म्हणाला, पण पडद्यामागे झोपलेल्या माणसांशी बोलणार काय? हे कारण मला फारसं पटलं नाही. मालकाशी बिनसलं असेल. पण सांगायला त्याने हे कारण निवडलं.

माझ्या नागपूरच्या प्रकरणाचीही तिथे सुनावणी झाली. "दीडपट पगार म्हंता, अन् खोलीचं भाडं कोन देईन?" "वहिनी काय म्हंते?" वहिनीचं म्हणणं होतं, मुलीची दहावी होऊ द्या. कारखान्याला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फेब्रुवारीत त्यांनी विचारणं बंद केलं.

मार्चमध्ये विलीनीकरण शक्य नसल्याचा समितीचा अहवाल शासनाने स्वीकारला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. घाटंजीचं वावर असलेला वाहक पांढरा झालेला शर्ट इस्त्री करून हजर झाला. त्याने नोकरी निवडली असं मी म्हणणार नाही; पेरणीला दीड-दोन महिने होते, रुजू व्हायला थोडे दिवस. पुढच्याच हंगामात कापूस घसरला आणि 2023-24 मध्ये हमीभावाच्या आसपास येऊन बसला. त्याने चार एकर मक्त्याने दिलं.

गाडीतली गर्दीही बदलली. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. चिल्लरची भांडणं वाढली, गप्पाही वाढल्या. दारव्ह्याच्या आठवडी बाजारापेक्षा जास्त भाव आता गाडीतच कळतात. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. यवतमाळ तिच्यापुढे राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये, पोळ्याच्या सुमारास, पुन्हा संप झाला. यावेळी दोनच दिवसांत मिटला आणि मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मिळाली. विलीनीकरणाचं नाव टपरीवर फारसं कुणी काढलं नाही. मक्त्याचे पैसे वेळेवर येत नाहीत, यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं.