सर्व्हर आणि आज्ञांची संहिता

रेल्वेचे आरक्षण करणाऱ्या प्रवाशास, बँकेतील शिल्लक पाहणाऱ्या खातेदारास किंवा ग्रंथालयाची सूची चाळणाऱ्या वाचकास उत्तर देणारे यंत्र त्यांच्यासमोर नसते. ते दूर कोठे तरी, थंड राखलेल्या दालनात, लोखंडी मांडणीवर आपल्यासारख्याच शेकडो यंत्रांच्या रांगेत बसविलेले असते. त्यास सर्व्हर म्हणतात. बहुधा त्यास स्वतःचा पडदा नसतो, कळफलकही नसतो. त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ आपल्या मेजावरील संगणकातून त्याच्याशी संपर्क साधतो आणि आज्ञेची एकेक ओळ टंकित करून त्याच्याकडून काम करवून घेतो. पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवण्यास सरावलेल्या विद्यार्थ्यास ही रीत जुनाट वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्यात एक मोठी सोय आहे. बोटाची हालचाल सहसा लिहून ठेवता येत नाही; आज्ञा लिहून ठेवता येते.

ही सोय प्रथम कोणी ओळखली हे सांगता येते. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करीत असताना फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ नावाची आज्ञावली रचली. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ती क्रमाने वाचून पार पाडीत असे. पुढे १९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे ‘शेल’ बाहेर पडले. शेल म्हणजे आज्ञा ऐकून त्या यंत्राकडून करविणारा दुभाषा. आज्ञांच्या यादीत अटी घालणे आणि तीच कृती अनेकदा करविणे त्यामुळे सुलभ झाले. अशा यादीस ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. नाटकाच्या संहितेसही इंग्रजीत हाच शब्द असल्यामुळे आपण येथे ‘संहिता’ म्हणू. आणि नटाप्रमाणे पदरचे वाक्य घालण्याची मुभा यंत्रास नसते, एवढेच ध्यानात ठेवू.

सर्व्हरवर आज्ञावली बसविणारी संहिता यंत्रात पुरेशी जागा आहे काय हे आधी पाहते. मग आज्ञावलीची प्रत आणविते, आणि फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली एक संख्या कर्त्याने प्रसिद्ध केलेल्या संख्येशी ताडून प्रत वाटेत बदलली नाही ना, याची खात्री करून घेते. त्यानंतर फाइली जागच्या जागी ठेवून ती आज्ञावली सुरू करते.

यातील नाजूक भाग निराळाच आहे. पार पाडलेल्या प्रत्येक आज्ञेमागे एक लहानशी संख्या उरते. शून्य म्हणजे काम यथास्थित झाले. शून्याखेरीज कोणतीही संख्या म्हणजे काही तरी फसले. (शून्यास यशाचे चिन्ह मानावे हे विनोदी वाटेल, पण यश एकच, अपयशाचे प्रकार अनेक, आणि प्रत्येक प्रकारास निराळा अंक हवा.) शेलचा स्वभाव मात्र असा की, मुद्दाम सांगितल्यावाचून ते या संख्येची पर्वा करीत नाही. समजा, संहितेची पहिली आज्ञा ‘अमुक कप्प्यात जा’ अशी आहे आणि दुसरी ‘येथील सर्व फाइली पुसून टाक’ अशी. कप्प्याचे नाव चुकले तर पहिली आज्ञा फसते. शेल तक्रारीची एक ओळ उमटविते आणि पुढच्या आज्ञेकडे वळते. मग ज्या कप्प्यात ते आधीच उभे आहे तेथील फाइली पुसल्या जातात. म्हणून जाणता तंत्रज्ञ आरंभीच ‘कोणतीही आज्ञा फसल्यास तेथेच थांब’ असा आदेश लिहितो.

जुनी आवृत्ती काढून नवी बसविणे हे याहून अवघड, कारण सेवा चालू असते. यासाठी एक सुरेख युक्ती आहे. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि ‘चालू आवृत्ती’ या नावाचा एक दर्शक जुन्या कप्प्याकडून नव्याकडे एका क्षणात वळवितात. काही बिनसले तर दर्शक पुन्हा मागे वळविता येतो. तथापि मागे फिरणे नेहमीच निर्धोक असते असे नाही.

नाईट कॅपिटल ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातली समभागांची मोठी पेढी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात सुरू होणाऱ्या एका योजनेसाठी तिने २७ जुलैपासून आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली टप्प्याटप्प्याने चढविली. त्यांपैकी एकावर नवी प्रत चढविण्याचे एका तंत्रज्ञाकडून राहून गेले. दुसऱ्या कोणी ताळा पाहिला नाही. तसा लेखी नियमही नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेली एक जुनी आज्ञावली तशीच राहिली, आणि तिला जागे करणारी खूणच नव्या कामासाठी योजिलेली होती. सात सर्व्हरांना त्या खुणेचा नवा अर्थ ठाऊक होता, आठव्यास जुना. मागणी पुरी झाली, आता थांब, असे त्या जुन्या आज्ञावलीस सांगणारी मोजणी २००५ साली दुसऱ्या ठिकाणी हलविली गेली होती, आणि त्यानंतर तिची चाचणी कोणी घेतली नव्हती.

बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत, ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्या पुऱ्या करताना, १५४ कंपन्यांच्या समभागांचे ४० लाखांहून अधिक सौदे झाले. पेढीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांकडे ९७ ईमेल धाडले होते आणि त्यांत त्या जुन्या आज्ञावलीचा उल्लेखही होता. परंतु ते इशारे म्हणून योजिलेले नव्हते, त्यामुळे ते सहसा कोणी पाहत नसे.

पुढचा प्रसंग तर अधिकच विलक्षण आहे. दोष नव्या आज्ञावलीत असावा असे समजून तंत्रज्ञांनी ती सात सर्व्हरांवरून उतरविली. तेथे जुनी आवृत्ती परत आली. मागण्यांवरील खूण मात्र नवीच राहिली. आणि एका सर्व्हरचा रोग उरलेल्यांसही जडला. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने पेढीस १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला. तोवर गेटको या दुसऱ्या पेढीशी तिचे विलीनीकरण होऊन गेले होते. प्रती चढवून झाल्यावर आठही सर्व्हरांना ‘तुझ्यावर कोणती आवृत्ती आहे?’ असे विचारणाऱ्या आणि उत्तरे जुळली नाहीत तर काम थांबविणाऱ्या संहितेस पाचदहा ओळी पुरल्या असत्या.

आवृत्ती बदलण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवावी, हा नियम सर्वांस पाठ असतो. पण प्रत काढणारीही संहिताच असते. गिटलॅब ही आज्ञावल्यांचा मजकूर सांभाळणारी सेवा. पुढील वृत्तान्त तिने स्वतःच प्रसिद्ध केला, हे तिच्या श्रेयास नोंदले पाहिजे. तिचा माहितीकोश पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता. दररोज प्रत काढणारी यंत्रणा मात्र ९.२ या आवृत्तीचे साधन हाती घेत होती. ते साधन दोष सांगून थांबे. तसा ईमेलही निघे. पण तो पलीकडे नाकारला जाई. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर द्यावयाची पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. क्षणभरात चूक ध्यानी येऊन त्याने ती थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. रोजच्या प्रती पाहू गेले, तर कप्पा रिकामा! अखेर उपयोगी पडली ती एका चाचणीच्या कामासाठी त्याच दिवशी हाताने काढून ठेवलेली प्रत. ती सहा तासांपूर्वीची होती.