पोत्यापासून घोंगडीपर्यंत : तंतूंचे कूळ आणि त्यांची घडण

पुणे जिल्ह्यात बारामतीच्या शेजारी, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर फुललेल्या उसाच्या मुलखात माळेगाव बुद्रुक वसलेले आहे. तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रास सुपरिचित झाले. साखर कशी तयार होते हे आपण पुष्कळदा ऐकले असेल. आज मी आपले लक्ष साखरेकडे नव्हे, तर ती ज्यात भरली जाते त्या पोत्याकडे वेधू इच्छितो. नैसर्गिक आणि कृत्रिम तंतूंची उद्योगधंद्यांत जी चढाओढ चालली आहे, तिचे मर्म त्या एका पोत्यात साठलेले आहे.

साखरेची पोती दोन जातींची असतात. एक तागाचे. हा ताग म्हणजे आपल्याकडील शेतकरी ऊस लावण्यापूर्वी पेरून जमिनीत गाडतो तो नव्हे. हा बंगालकडील निराळ्या झाडाच्या सालीचा तंतू होय. दुसरे पोते पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे खनिज तेलापासून बनविलेल्या कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्या विणून केलेले. तागाची पोती एकावर एक रचली तरी घसरत नाहीत. परंतु ती हवेतील ओल शोषून घेतात, आणि त्यांची कूस साखरेत उतरते. दुसरे पोते हलके, स्वस्त व ओलीस दाद न देणारे. परंतु रचले असता निसरडे. व्यापाराचा कल कोणीकडे जाईल हे सांगावयास नको. म्हणूनच १९८७ च्या कायद्याने तागाला संरक्षण दिले. त्या कायद्याखाली धान्य सर्वच्या सर्व आणि साखरेचा पाचवा हिस्सा तागाच्या पोत्यांतच भरावा, असे आदेश अलीकडील वर्षांत निघाले आहेत.

आता तंतूंच्या कुळांकडे वळू. पहिले कूळ निसर्गाने सिद्ध करून दिलेल्या तंतूंचे. कापूस हा सरकीवरील केस. लोकर हा मेंढीच्या अंगावरचा. रेशीम हा किड्याच्या मुखातून निघालेला धागा. आणि ताग, अंबाडी, घायपात हे वनस्पतींच्या सालीचे अथवा पानांचे तंतू. दुसरे कूळ पुनर्घटित तंतूंचे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या योगाने विरघळवून दाट पाक करतात, आणि आपल्या घरी सोऱ्यातून शेव पाडावी त्याप्रमाणे तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडतात. हेच व्हिस्कोज. क्रॉस व बेव्हन या इंग्रज रसायनज्ञांनी १८९२ साली त्याचे पेटंट घेतले. तिसरे कूळ संश्लिष्ट तंतूंचे. येथे मूळचा तंतू तर नाहीच, तंतूचे द्रव्यही निसर्गातील नाही. अमेरिकेत कॅरदर्स यांनी १९३५ साली नायलॉन घडविले, आणि १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टर. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे १९८२ पासून पॉलिएस्टरचा धागा मोठ्या प्रमाणावर निघू लागला.

या तंतूंची परीक्षा करावयाची तर प्रथम पाण्याला विचारावे. सामान्य हवेत कोरडा भासणारा कापूसही आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगून असतो. ताग व व्हिस्कोज तेरा टक्क्यांच्या आसपास आणि लोकर सोळा. पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील बाळगीत नाही. उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा सदरा अंगाला चिकटतो आणि धुतल्यावर घटकेत वाळतो, या दोन्ही गोष्टींचे कारण हे एकच. कापूस ओला झाला असता अधिक बळकट होतो, तर व्हिस्कोजचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. तेव्हा व्हिस्कोजची साडी धुताना ती पिळू नये, हा गृहिणींचा अनुभव शास्त्रशुद्ध आहे.

दुसरा परीक्षक अग्नी. कापूस जळतो व त्याची मऊ राख होते. लोकर सहसा पेट घेत नाही, करपते आणि केस जळल्याचा वास देते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते, आणि तो वितळलेला रस त्वचेला चिकटून बसतो. म्हणून स्वयंपाकघरात आणि दिवाळीच्या दिव्यांजवळ सुती वस्त्रच असावे. ही जुन्या वळणाची आवड नसून साधी सावधगिरी आहे.

मग कारखानदारांनी कृत्रिम तंतूंची कास का धरली? केवळ स्वस्ताई हे त्याचे उत्तर नव्हे. कापूस वर्षागणिक, शेतागणिक बदलतो. त्याची लांबी, बारीकपणा व बळ मोजण्यासाठी १९२४ साली मुंबईत माटुंग्यास स्वतंत्र प्रयोगशाळा काढावी लागली. कृत्रिम तंतू हवा तेवढा लांब, हवा तेवढा बारीक आणि सदोदित एकसारखा मिळतो. यंत्राला एकसारखेपणा प्रिय असतो. माल वाहणाऱ्या यांत्रिक पट्ट्याच्या पोटात पूर्वी जाड सुती कापड असे. तेथे आता पॉलिएस्टर व नायलॉन आले आहे. मोटारीच्या टायरमधील दोरा आणि हवाई छत्रीचे कापड यांचाही इतिहास असाच आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील टेक्स्टाइल पार्कात पंचक्रोशीतील स्त्रिया तयार कपडे शिवतात. अशा कपड्यांत कापूस व पॉलिएस्टर यांचे मिश्रण नेहमी आढळते, कारण एकाचा सुखदपणा व दुसऱ्याचा टिकाऊपणा ग्राहकाला एकत्र हवा असतो.

परंतु तिसरा परीक्षक अजून उरला आहे. तो म्हणजे माती. तागाचे फाटके पोते शेताच्या बांधावर पडले तर काही काळात कुजून जाते. प्लॅस्टिकचे पोते उन्हाने ठिसूळ होते, त्याचे कपटे उडतात, आणि ते कपटे मातीत तसेच राहतात. पॉलिएस्टरचे कपडे धुताना सुटणारी सूक्ष्म कूस सांडपाण्यावाटे नदीपर्यंत पोहोचते. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. पॉलिएस्टरला लागणारे एथिलीन ग्लायकॉल उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कातूनही तयार होते. उत्तराखंडातील काशीपूर येथे ते केले जाते. तरीही त्याचे पॉलिएस्टर मातीत कुजत नाही, कारण त्याची अंतर्घडण तेलापासून केलेल्या पॉलिएस्टरसारखीच असते. उलट कारखान्यातून निघालेले व्हिस्कोज कापसासारखे कुजते, कारण दोहोंचे द्रव्य सेल्युलोजच. तात्पर्य, तंतूचा अंत त्याच्या कुळावर नव्हे, तर घडणीवर अवलंबून असतो.

हा विचार केवळ विद्वत्तेचा नाही. माळेगावच्या परिसरातून मेंढ्यांचे कळप हिंडत असतात. त्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व काळसर. सनगर मंडळी तिचे सूत मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि घोंगडी सिद्ध होते. स्वस्त कृत्रिम ब्लँकेटे बाजारात आल्यापासून या लोकरीला मोल उरले नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जड झाली, आणि कित्येक मेंढपाळ ती टाकून देऊ लागले. जी लोकर ओल पिऊनही ऊब देते, सहसा पेट घेत नाही आणि शेवटी मातीचे खत होते, ती उकिरड्यावर जावी आणि जे कुजत नाही ते विकत आणावे, हा हिशेब चुकला आहे.

याचा अर्थ कृत्रिम तंतू त्याज्य आहेत असा नव्हे. शेततळ्यावरील दोर आणि मच्छीमाराचे जाळे नायलॉनचेच बरे. परंतु लोकर न विणता दाबून जी जेन बनते, तिचा उपयोग उष्णता व आवाज अडविण्यासाठी होऊ शकतो; त्यासाठी जाडेभरडेपणा हा दोष नाही. असा धंदा या लोकरीला मिळाला, तर मेंढपाळाच्या पदरात चार पैसे पडतील आणि सनगरांची विद्याही टिकेल. आपणही वस्त्र घेताना त्याच्या भावाबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात : पाण्यात त्याचे काय होते, आगीत काय होते, आणि फाटल्यावर मातीत काय होते. या तिन्हींची उत्तरे ज्या कामाला जुळतील, तो तंतू त्या कामाचा.