संशोधनसाहाय्य आणि साधनांचे अंतर : मालगुंडच्या निमित्ताने

गणपतीपुळ्याला लागून असलेले मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत (१८६६–१९०५) यांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे उभारलेल्या केशवसुत स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कवीचे गाव आणि स्मारक जवळ असले, तरी त्याच्या अभ्यासाची साधनेही जवळ असतात असे नाही. हे अंतर कोणत्या प्रकारच्या साहाय्याने कमी होते, हा मराठी साहित्यसंशोधनाच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न आहे.

संशोधनाला मिळणारे साहाय्य स्थूलमानाने तीन प्रकारचे असते : ग्रंथाला, व्यक्तीला आणि साधनांना. पहिल्या प्रकाराची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमदानीत वेगळ्या कारणी लागली आणि १८५१ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. अशा पारितोषिकाने श्रमांचे चीज होते. मात्र ग्रंथ सिद्ध होईपर्यंतचा भार लेखकालाच वाहावा लागतो.

दुसरा प्रकार अधिछात्रवृत्तीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, तर वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रुपये झाली. मानव्यविद्यांच्या संशोधकास आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे प्रतिवर्षी १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये मिळतात. पहिल्या रकमेमुळे संशोधकाचा चरितार्थ चालतो. ग्रंथखरेदी, छायाप्रती आणि प्रवास यांची भिस्त मात्र दुसऱ्या रकमेवर असते. साहित्याच्या संशोधनात खरी ओढाताण होते ती येथेच. शिवाय ही अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधकासाठी असल्याने सेवेतील अध्यापकास तिचा सहसा उपयोग होत नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळापर्यंत (२०१२–१७) महाविद्यालयीन अध्यापकांना लघुसंशोधन प्रकल्पांचा आधार होता. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला ग्रंथालयांपर्यंत पोहोचवणारी ती एक महत्त्वाची वाट होती.

केशवसुतांच्या उदाहरणावरून ही अडचण नेमकी ध्यानात येते. त्यांच्या उपलब्ध कविता संख्येने अवघ्या १३५ च्या आसपास आहेत. त्यांतील अनेक प्रथम नियतकालिकांतून आल्या : पुण्याचे ‘करमणूक’, जळगावचे ‘काव्यरत्नावली’, मुंबईचे ‘मनोरंजन’. कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने निघाला तो कवीच्या निधनानंतर दहाहून अधिक वर्षांनी. कवीचे जीवनही असेच विखुरलेले. पुण्यात शिक्षण, मुंबईत नोकऱ्या, पुढे फैजपूर आणि धारवाड येथे शिक्षकी, आणि हुबळीत अखेर. जन्मतारखेबाबतही संदर्भग्रंथांत १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर अशा दोन नोंदी आढळतात. पाठचिकित्सा करणाऱ्याला नियतकालिकातील पाठ, हस्तलिखित आणि संग्रहातील पाठ शेजारी ठेवून पाहावे लागतात. चरित्रकाराला शाळांची दप्तरे धुंडाळावी लागतात. म्हणजे रत्नागिरीतून निघालेल्या अभ्यासकाची वाट पुणे, खानदेश आणि कर्नाटक अशी फिरते. विषय लहान असला म्हणून खर्च लहान होत नाही, हे अनुदानाचे अर्ज तपासताना क्वचितच लक्षात घेतले जाते.

म्हणून तिसरा प्रकार, म्हणजे साधनांना दिलेले साहाय्य, विशेष महत्त्वाचा ठरतो. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने केशवसुतांच्या कवितांचे हस्तलिखित प्रकाशित केले. त्यामुळे मूळ वही न पाहताही कवीचे हस्ताक्षर आणि लेखनपद्धती तपासण्याची सोय झाली. एका अधिछात्रवृत्तीतून बहुधा एक प्रबंध निर्माण होतो. प्रकाशित हस्तलिखित, नियतकालिकाची सूची किंवा अंकांच्या संगणकीय प्रती यांवर अनेक पिढ्यांचे प्रबंध उभे राहतात. शिवाय त्याचा सर्वाधिक लाभ ग्रंथालयांपासून दूर असलेल्या अभ्यासकाला होतो.

तथापि साधनांचे काम व्यक्तीशिवाय होत नाही. सूची करणारा, पाठ जुळवणारा, जीर्ण अंकांची पाने मोजून नोंदवणारा संशोधकच असतो. परंतु पदवीसाठी प्रबंध लागतो आणि पदोन्नतीसाठी लेख मोजले जातात, तेथे सूचीकाराचे श्रम दुय्यम ठरतात. संशोधनसाहाय्याचा विचार केवळ रकमेच्या वाढीपुरता न ठेवता सूची, संपादन आणि प्रतिलेखन यांना स्वतंत्र संशोधनाचा दर्जा देण्यापर्यंत न्यावा लागेल. तसे झाल्यास मालगुंडसारख्या ठिकाणी कवीच्या स्मृतीबरोबर त्याच्या अभ्यासाचीही सोय होऊ शकेल.